चीफ तांडेलांची पस्तीस मिनिटं

सुधाकर तांडेल इस्त्रीच्या टेबलावर संगीत वाजवत. खरोखरच्या इस्त्रीच्या टेबलावर, ज्याचे पाय दुमडून ते दाराआड उभं करता येतं. यिशुनमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून ते मांडलेलं असे आणि त्यावर दोन डबे, एक जाड पुस्तकाएवढा आणि एक त्याहून धाकटा. ग्रूव्हबॉक्स म्हणतात त्यांना. आत ढोल असतो, खर्ज असतो, सूर असतात, आणि बाहेर सोळा बटनांची एक रांग. जे बटन दाबाल त्या मात्रेवर आवाज बसतो. मग त्या सोळा मात्रा फिरत राहतात आणि वाजवणारा माणूस त्यात भर घालतो, काढून घेतो, वरच्या खुंट्या फिरवून आवाजाचा पोत बदलतो. कॉम्प्युटर लागत नाही. लागतात ते कान.

"पण इस्त्रीच्या टेबलावर का, चीफ?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, बसून सराव केला की हाताला बसायची सवय लागते. कार्यक्रमात उभं राहायचंय. आणि हे डुगडुगतं ते बरंच आहे. जहाज कुठे स्थिर असतं?"

आतून शैलावहिनींचा आवाज आला, "भावोजी, यांना एक साधं टेबल घेऊन द्या हो. आठवडाभर मी चुरगळलेली ऑफिसला जातेय."

मला चीफविषयी लिहायचंय. मी त्यांचं एक नुकसान केलं आणि ते त्यांच्यापासून लपवलं, म्हणून लिहायचंय. पण ते कसे होते हे आधी सांगायला हवं. नाहीतर काय गेलं ते कळणार नाही.

ते हर्णैचे. तेवीस वर्षं जहाजांवर काढली, शेवटची आठ चीफ इंजिनियर म्हणून. पुढे गुडघे बोलायला लागले तेव्हा समुद्र सोडला आणि इथे परदेशात, शहराच्या दुसऱ्या टोकाला तुआसच्या एका शिपयार्डात दुरुस्तीच्या देखरेखीचं काम घेतलं. मी पुण्याचा, आयटीतल्या नोकरीसाठी इथे आलेला, यिशुनमध्येच शेजारच्या ब्लॉकमध्ये राहणारा, त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात झाली. मी कार्यक्रम समितीत होतो आणि "काहीतरी वेगळं" हवं म्हणून मीच त्यांना वाजवायला बोलावलं होतं. लोकांना वाटलं ढोल-ताशासारखं काहीतरी असेल. चीफनी वीस मिनिटं एकच संथ ठेका वाजवला, आणि त्यात इतक्या हळूहळू बदल केले की सभागृहातले निम्मे लोक जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. संपल्यावर ताट हातात घेऊन एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "काका, गाणं कधी सुरू होणार?"

"तुम्ही पुलाव घ्यायला गेलात तेव्हा संपलं," चीफ म्हणाले.

मग माझ्याकडे वळून, "तू शेवटपर्यंत बसलास. आवडलं?"

"मी संयोजक आहे. मला बसावंच लागतं."

ते इतके मोठ्याने हसले की गणपतीपुढच्या बायका वळून बघायला लागल्या. "खरं बोललास! उद्या घरी ये."

त्या दिवसापासून मी जात राहिलो. जवळजवळ दर रविवारी सकाळी. माझी बायको म्हणे, "तुला संगीतातलं काय कळतं?" काहीच कळत नव्हतं. पण त्या माणसाच्या शेजारी बसलं की आपल्यालाही थोडं जास्त ऐकू येतं असं वाटायचं. एकदा ते आमच्याकडे जेवायला आले आणि वरण वाढून घेता घेताच थांबले. उठून स्वयंपाकघरात गेले. खिशातून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक चालू वॉशिंग मशीनला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटून मिनिटभर उभे राहिले. इंजिनरूममध्ये असंच ऐकतात म्हणे.

"बेअरिंग चाललंय. दोन महिने काढेल."

"जेवायला येताना खिशात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येता तुम्ही?" बायकोने विचारलं.

"लोक चष्मा नाही का घेऊन फिरत?"

मशीन सात आठवडे चाललं.

त्यांचे नियम ठरलेले होते. रेकॉर्ड केलेला आवाज वापरायचा नाही. जो आवाज हवा तो डब्यातल्या साध्या सुरांतून घडवायचा. "इंजिनाचा आवाज टेपवर घेऊन वाजवला तर तो पुरावा झाला. मला आठवण वाजवायची आहे." दुसरा नियम, कार्यक्रमाआधीचा आठवडाभर डब्यांना हात लावायचा नाही, म्हणजे हात विसरतात आणि कान ताजे राहतात. आणि तिसरा, ज्याने पुढे सगळा घोळ झाला, की कामाचं नाव बदलायचं नाही. डब्यात केलेलं काम एका नावाने साठवावं लागतं. चीफचं नाव एकच, हर्णै. नवं काम केलं की ते जुन्यावरच साठवायचं.

मी आयटीतला माणूस. मला हे बघवेना. "चीफ, निदान हर्णै एक, हर्णै दोन असं तरी करा. बॅकअप ठेवा."

"दर फेरीला जहाजाचं नाव बदलतात का? जुनं ठेवलं की माणूस मागे बघत बसतो."

तरी एकदा हट्टाने मी मोठा डबा माझ्या लॅपटॉपला जोडला आणि एक प्रत काढून ठेवली. "तुझी हौस," एवढंच ते म्हणाले. ती प्रत माझ्याकडे दोन वर्षं पडून होती.

त्या दोन वर्षांत त्यांनी एकच गोष्ट केली. पस्तीस मिनिटांचा एक सेट, म्हणजे न थांबता सलग वाजवायचं एक काम. विषय होता त्यांच्या पहिल्या जहाजावरची पहाटे चार ते आठची पाळी. सुरुवातीला नुसता जनरेटर. मग पंप जागे होतात, मुख्य इंजिन गरम होतं, जहाज बंदरातून सुटतं, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्या धडधडीच्या वर, टर्बोचार्जरची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, एक बारीक शीळ. ती शीळ घडवायला त्यांना पाच महिने लागले. मी जन्मात इंजिनरूम पाहिलेली नाही. पण ज्या रविवारी त्यांनी ती मला पहिल्यांदा ऐकवली त्या दिवशी माझ्या हातावर काटा आला. एखादं लहान मूल झोपेत हसावं तशी ती होती, त्या सगळ्या लोखंडाच्या वर.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही दोघं बसमधून मार्केटला निघालो होतो. चीफनी खिशातून यार्डातल्या तपासणीचा कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. कानांचा आलेख होता. डावीकडे सपाट आणि उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखा.

"उंच आवाज चाललेत," ते म्हणाले. "इंजिनांनी घेतले. डॉक्टर म्हणतो, राहिलेलेही दोनेक वर्षांत जातील. सकाळी आपल्या ब्लॉकखाली मैना ओरडतात ना?"

"हो, खूप."

"शैलापण म्हणते ओरडतात."

मी आलेखाच्या उतारावर बोट ठेवून विचारलं, "आणि ती शीळ?"

"मला नाही ऐकू येत आता. पण ऐकू येत होती तेव्हा डब्यात ठेवलीय, ती आहे तिथे." त्यांनी कागदाची घडी केली. "एकदा लोकांसमोर वाजवून टाकतो. एकदाच. मग डबे बंद. तू माझा कान हो."

क्लेमेंटीला लिम नावाचा एक वाद्यं दुरुस्त करणारा मनुष्य होता. त्याच्या दुकानामागच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी दुपारी चार वाजता असे डबेवाले जमत. लॅपटॉप आणायचा नाही, उभ्याने वाजवायचं, एवढीच अट. तीस-चाळीस माणसं येत आणि शांतपणे ऐकत. लिमने चीफना पस्तीस मिनिटं दिली.

मग आमची तयारी सुरू झाली. मी इस्त्रीच्या टेबलासमोर खुर्चीवर बसायचो आणि शीळ आली की हात वर धरायचो. तळवा खाली केला तर आवाज कमी करायचा, वर केला तर वाढवायचा, आडवा धरला तर ठीक. ते माझ्या हाताकडे बघत खुंटी फिरवत. जिथे तळवा आडवा झाला तिथे त्यांनी वहिनींच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला.

"माझ्या बाटलीचा तळ काढलात," वहिनी म्हणाल्या.

"तुला नवी आणतो. पण लालच आण म्हणू नकोस, लाल मला लागेल."

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांची न्हाणीघरं नवी करायचं काम निघालं. भिंती फोडत होते, घरभर सिमेंटची धूळ. त्यात यार्डात एक जहाज तपासणीला आलेलं, चीफ बारा-बारा तास तुआसला. तसाही तो हात न लावायचा आठवडा होता. त्यांनी दोन्ही डबे जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आणून ठेवले.

"हेडफोन लावून ऐक हवं तर. बाकी काही करू नकोस."

सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो आणि मला वाटलं, आता सगळं काम पूर्ण झालंय, याची एक ताजी प्रत काढून ठेवू. त्यांना न सांगता. पुढे कधीतरी डबा बिघडला की आपण ती पुढे करू आणि ते खूश होतील. चांगुलपणाच होता तो, पण त्यात थोडा मिरवण्याचा भाग होता हे मी आज कबूल करतो. मोठा डबा लॅपटॉपला जोडला. ऑफिसात फाइली जुळवायला मी एक प्रोग्रॅम वापरतो. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर तो तारखा बघतो, नवी असेल ती ठेवतो आणि जुनीच्या जागी तिची प्रत टाकतो. हा नियम मी वर्षानुवर्षं नव्या पोरांना शिकवत आलोय. दोन्हीकडे नाव एकच होतं, हर्णै.

पण त्या डब्याला कॅलेंडर नसतं. आज काय तारीख आहे हे त्याला माहीतच नाही. तो प्रत्येक फाइलवर कारखान्यातून निघतानाची तीच एक जुनी तारीख टाकतो. माझ्या लॅपटॉपवरच्या प्रतीवर मात्र ती काढली त्या दिवसाची खरी तारीख होती. त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी माझ्याकडची दोन वर्षांपूर्वीची प्रत नवी ठरली आणि चीफचं दोन वर्षांचं काम जुनं. आठ-दहा सेकंद लागले असतील. "पूर्ण झालं" असं हिरव्या अक्षरांत आलं.

मी हेडफोन लावून ऐकायला बसलो आणि शीळ आलीच नाही. जनरेटर होता, तोही कच्चा, दोन वर्षांपूर्वीचा. मी डबा बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा केला. लॅपटॉपवर जे जे शोधता येतं ते शोधलं. जेवायला हाक आली तेव्हा मी "भूक नाही" म्हणालो.

मंगळवारी दुपारी चीफचा फोन आला. मागे ग्राइंडरचा आवाज होता.

"काय रे भोसेकर, डबे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

त्या दोन शब्दांचं ओझं मी आजपर्यंत वाहतोय. त्या क्षणी सांगायचं होतं. बुधवारी सांगायचं होतं. शुक्रवारी मी त्यांच्या ब्लॉकखाली जाऊन उभा राहिलो, लिफ्टचं बटन दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं आणि बंद झालं, आणि मी परत आलो. मनात काय होतं? त्यांना ऐकूच कमी येतं, कदाचित कळणारही नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तो येऊन गेला हे लिहायलाच हवं.

रविवारी डबे मीच क्लेमेंटीला नेले. चीफ तिथे आधीच आले होते, इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून. वहिनी म्हणाल्या, "बघा, आज टेबल मला मिळालं." लिमने तार जोडून दिली. धाकट्या डब्यातला ठेका सुरू झाला, तो तसाच होता, त्याला मी हात लावला नव्हता. मग चीफनी मोठा डबा सुरू केला.

खालचे आवाज त्यांना नीट ऐकू येत. पहिल्याच फेरीत त्यांना कळलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे नाव बरोबर होतं, हर्णै. त्यांनी हात उचलले, क्षणभर हवेतच धरले, आणि मग वाजवायला लागले. वीस-पंचवीस मिनिटं त्या माणसाने जे समोर होतं त्यातून काहीतरी उभं केलं. जुन्या तुकड्यांची फिरवाफिरव केली, बटनं दाबून नव्या मात्रा बसवल्या, घामाने शर्ट पाठीला चिकटला. लोक मान डोलवत होते. अनोळखी माणसाला ते बरंही वाटलं असेल.

मग शिळेची वेळ आली. ती डब्यात नव्हती, तेव्हा त्यांनी ती तिथल्या तिथे घडवायला घेतली, जो आवाज स्वतःला ऐकू येत नाही तो. दोन-तीन खुंट्या फिरवल्या आणि चौथी त्या लाल ठिपक्यावर आणली. पण ठिपका पुसल्या गेलेल्या शिळेसाठी होता, या नव्या आवाजासाठी नव्हता. त्यांनी मान वर केली आणि माझा हात शोधला.

मी बुटांकडे बघत होतो. माझा हात मांडीवर होता. मला वाटत होतं की वर पाहिलं तर त्यांना सगळं कळेल.

आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा होता. पुढच्या बाईने कान झाकले. एकाने तोंड वाकडं केलं. वाढवायला हवा असं समजून चीफनी खुंटी आणखी फिरवली. खोलीतला प्रत्येक जण आक्रसला आणि ते एकटेच शांत चेहऱ्याने उभे होते. शेवटी लिम मागून चालत आला आणि त्याने मिक्सरवरचा आवाज खाली ओढला. तेव्हा चीफनी लोकांकडे पाहिलं. झाकलेले कान पाहिले. डबे बंद केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"नेव्हर माइंड लाह, अंकल," लिम म्हणाला, "फर्स्ट टाइम ऑल्वेज लाइक दॅट. नेक्स्ट मंथ कम अगेन."

"थँक यू," चीफ म्हणाले.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते माझ्या शेजारी बसले होते. "मीच कधीतरी जुनं साठवलं असणार," ते म्हणाले. "काय दाबलं देव जाणे. म्हातारा झालो." वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मी समोरच्या काचेत आमच्या तिघांची प्रतिबिंबं बघत होतो.

त्यानंतर त्यांनी दोन महिने ती शीळ पुन्हा घडवायचा प्रयत्न केला. फोन करायचे, "ये ना रे रविवारी. तू ऐक, मी फिरवतो." मी म्हणायचो ऑफिसात मोठं काम चालू आहे, या रविवारी नाही जमणार. मग वहिनींनी एकदा फोन केला. "भावोजी, तुम्ही आलात तर बरं होईल. हे मला बसवतात, पण मला नाही कळत कुठली शीळ. मी काहीही सांगितलं की चिडतात, मग रडतात." मी येतो म्हणालो आणि गेलो नाही. पुढे फोन यायचे थांबले. नंतर कुणाकडून तरी कळलं, डबे त्यांनी लिमला देऊन टाकले आणि दोघं कायमची हर्णैला परत चालली आहेत.

तेव्हा मात्र मी त्यांना बोलावलं. यिशुनच्याच एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, सकाळी दहाच्या सुमाराला. ते भिंतीला पाठ लावून बसले आणि कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. "इथे याचा उपयोग नाही, नुसता गोंगाट होतो. तू बोल, मी तोंड बघतो."

दोन कप कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, आली. मी सगळं सांगितलं. सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, कारण ते माझ्या ओठांकडे बघत होते. गुन्हा कबूल करताना माणसाला भराभर बोलून मोकळं व्हायचं असतं. मला ती सवलत नव्हती. काही वाक्यं दोनदा सांगावी लागली. "मी पुसलं" हे तीनदा.

ते चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "कधी?"

"सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

"सेटच्या आधीच्या."

त्यांनी टेबलावर बोटं मोजली. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. पाचही बोटं टेकवून हात तसाच ठेवला.

"पाच दिवस होते," ते म्हणाले. "मी रजा टाकली असती. तू शीळ ऐकली होतीस. तुझ्या कानात ती ताजी होती. तू हात दाखवायचास, मी फिरवली असती. झाली असती रे."

"चीफ, मी..."

"आता आठवते तुला? कशी होती?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. नुसतं एवढंच आठवलं की हातावर काटा आला होता. मी मान हलवली, नाही.

त्यांनीही मान हलवली. मग उरलेली कोपी पिऊन टाकली. "तुझ्या बायकोला नमस्कार सांग. शैलाला यातलं काही सांगू नकोस, ती तुला चांगला समजते." मी दोघांचे कप उचलायला गेलो तर त्यांनी ट्रे स्वतःकडे ओढला. "राहू दे. मी ठेवतो."

ट्रे परत करायच्या मांडणीपर्यंत ते गुडघ्यांवर जोर देत चालत गेले आणि त्यांनी तो ट्रे आत ढकलला. कप, बश्या, चमचे, सगळं एकदम कोसळल्यासारखा आवाज झाला. आसपासच्या टेबलांवरची माणसं दचकून वळली. तिथे फडकं घेऊन उभी असलेली म्हातारी सफाईवाली, हळू ठेवता येत नाही का म्हणून ओरडली, "आयो, अंकल! सो लाउड! स्लोली कॅनॉट, आह?"

चीफनी तिचे ओठ हलताना पाहिले. ती आपले आभार मानतेय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तिच्याकडे बघून हसून हात वर केला, मान झुकवली, आणि बस स्टॉपच्या दिशेने चालायला लागले.